गळतंय पडवीत, फुटलंय आढ्याजवळ: पॅकेजच्या डेप्रिकेशन वॉर्निंगचा माग

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. देवगडात आंब्याचा हंगाम आटपत आलेला आणि माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, सर्व्हर चालू केल्यार इंग्रजीत कायतरी येता. साइट बंद पडतली काय?"

त्याची साइट म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. पेट्यांची ऑर्डर घ्यायची, पत्ता लिहून ठेवायचा, पेटी गाडीत चढली की गिऱ्हाइकाला मेसेज पाठवायचा. सगळं नोड.जेएसवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर, चालतं. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत मीच लिहून दिलं होतं. त्या दिवशी त्यानं नोडची आवृत्ती २० वरून तेव्हा नव्या असलेल्या २२ वर नेली होती, आणि तेव्हापासून सर्व्हर सुरू होताना ही ओळ यायला लागली. देवनागरीत लिहायची तर अशी: "[डीईपी००४०] डेप्रिकेशनवॉर्निंग: द पनीकोड मॉड्यूल इज डेप्रिकेटेड." पुढे सल्ला, की त्याऐवजी बाहेरचा पर्याय वापरा.

गडी हुशार. त्यानं आधी आमच्या सगळ्या फाइलींत 'पनीकोड' हा शब्द शोधला होता. एकदाही सापडला नाही. "जां आपण लिवूकच नाय, तेची वॉर्निंग आपल्याक कशी?" हा त्याचा प्रश्न. हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे. (आज्ञा आणि नावं इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

आधी डेप्रिकेशन म्हणजे काय ते. आपल्याकडे त्याचं उत्तम उदाहरण खिशातच होतं. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं २००० ची नोट चलनातून मागे घेत असल्याचं जाहीर केलं, पण नोट कायदेशीर चलन म्हणून कायम राहिली. वापरा, पण बदलून घ्या. हे झालं डेप्रिकेशन. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटांचं जे झालं, ते रिमूव्हल. सॉफ्टवेअर लिहिणारी शहाणी माणसं पहिल्या वाटेनं जातात: आधी नोटीस, मग बराच काळ मोकळा, मग एखाद्या मोठ्या आवृत्तीत ती वस्तू खरोखर काढून टाकणं. पनीकोडच्या बाबतीत नोडनं २०१६ साली, आवृत्ती ७ मध्ये, नोटीस फक्त कागदपत्रांत लिहिली. ती कोणी वाचली नाही, तेव्हा २०२३ च्या ऑक्टोबरात, आवृत्ती २१ पासून, ती प्रत्यक्ष स्क्रीनवर छापायला सुरुवात केली. भावाच्या २० वर ती दिसत नव्हती आणि २२ वर दिसली, त्याचं कारण एवढंच.

आणि हे पनीकोड म्हणजे आपल्याशी संबंध नसलेलं काही नाही बरं का. इंटरनेटवरच्या नावांच्या यंत्रणेला रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच समजतं. मग देवनागरीतला पत्ता तिच्यापर्यंत पोचवायचा कसा? तर त्याचं रोमन अक्षरांत ठरावीक पद्धतीनं रूपांतर करायचं, त्या पद्धतीचं नाव पनीकोड. २०१४ साली सुरू झालेल्या, मराठी आणि कोकणीलाही चालणाऱ्या '.भारत' या शेपटाचं आतलं रूप 'एक्सएन', मग दोन आडव्या रेघा, मग 'एच२बीआरजे९सी' असं आहे. पत्ता वाचणाऱ्या जवळपास प्रत्येक पॅकेजला (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडला) हे काम कुठेतरी करावं लागतं, म्हणून हे नाव इतक्या ठिकाणी आढळतं. नोडनं हे काम करणाऱ्या लायब्ररीची एक प्रत स्वतःच्या पोटात ठेवली होती, ती आता काढायची आहे. तीच लायब्ररी बाहेर एनपीएमवर, म्हणजे नोडची पॅकेजेस जिथून मागवतात त्या कोठारात, त्याच नावानं मिळते. नावातला हा सारखेपणा पुढे मला अर्धा तास फिरवणार होता.

कौलारू घरात राहिलेल्यांना पुढची गोष्ट समजायला वेळ लागणार नाही. आमच्या जुन्या घरात एका पावसाळ्यात पडवीत, बरोबर झोपाळ्याच्या कडीपाशी, थेंब पडायला लागला. वर चढून त्या जागेची कौलं काढून बघितली तर धडधाकट. तरी दोन बदलली. थेंब चालूच. शेवटी शाकारायला येणारे काका माळ्यावर बॅटरी घेऊन चढले आणि वाशावरची ओली रेघ बघत बघत वर सरकत गेले. माकडांनी फोडलेलं कौल आढ्याजवळ होतं. पाणी तिथून आत येऊन वाशावरून ओघळत आठ-दहा हात खाली येत होतं आणि जिथे वाशाला गाठ होती तिथे टपकत होतं. थेंबाखाली टोप ठेवायचा ही एक गोष्ट, आणि ओली रेघ धरून वर जायचं ही दुसरी.

आमच्या साइटमध्ये आम्ही लिहिलेल्या फाइली पाच-सहा. पण 'नोड_मॉड्यूल्स' नावाच्या फोल्डरात पॅकेजेस दोनशेच्या वर. आम्ही मागवली होती जेमतेम दहा. त्या दहांनी आपापली माणसं आणली, त्यांनी त्यांची. लग्नाला एका घरी आमंत्रण द्यावं आणि गाडी भरून पाहुणे उतरावेत तसं. पिवळी पडलेली जुनी नोट यांच्यापैकी कोणाच्या तरी खिशात आहे, आणि आपल्याला दिसतंय फक्त दुकानदाराचं ओरडणं.

ओली रेघ दाखवणारी बॅटरी नोडमध्येच आहे. त्या वॉर्निंगच्या खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं, पण तिथपर्यंत वाचतो कोण. 'नोड --ट्रेस-डेप्रिकेशन सर्व्हर.जेएस' असं चालवायचं. मग वॉर्निंगसोबत स्टॅक ट्रेस येतो, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्याची उतरंड. सगळ्यात वर थेंब, आणि जसजसं खाली वाचत जाल तसतसं बोलावणाऱ्याकडे, शेवटी आपल्या फाइलीकडे.

भावानं तसं चालवून फोटो पाठवला, आणि इथे पहिली अडचण. नोड एका ट्रेसमध्ये दहाच ओळी दाखवतो. एक पॅकेज दुसऱ्याला आत घेतं तेव्हा नोडच्या स्वतःच्या अंतर्गत कारभाराच्याच सहा-सात ओळी खर्ची पडतात. त्यामुळे दहा ओळींत दिसलं एकच खरं नाव: 'व्हॉटडब्ल्यूजी-यूआरएल' या पॅकेजातली 'यूआरएल-स्टेट-मशीन.जेएस' ही फाइल, ओळ २. त्याच्या मागे कोण, ते कापलं गेलं. बॅटरी आहे पण सेल उतरलेला. उपाय सोपा आहे: '--स्टॅक-ट्रेस-लिमिट=१००' हेही जोडायचं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि मग ते पहिल्याच नावाला गुन्हेगार समजून त्याच्या मागे लागतात.

लांब ट्रेस आला की 'नोड:इंटर्नल'नं सुरू होणाऱ्या ओळी डोळ्याआड करायच्या आणि 'नोड_मॉड्यूल्स' असलेल्या तेवढ्या वाचायच्या. आमची साखळी अशी निघाली. सर्व्हर.जेएसनं मागवलं मेसेज पाठवणाऱ्या एका कंपनीचं पॅकेज. त्यानं मागवलं 'नोड-फेच' आवृत्ती २. त्यानं 'व्हॉटडब्ल्यूजी-यूआरएल' आवृत्ती ५. आणि ते नोडच्या पोटातलं पनीकोड मागत होतं. चार पायऱ्या. गिऱ्हाइकाला "तुमची पेटी निघाली" एवढं सांगण्यासाठी.

सर्व्हर थेट 'नोड'नं सुरू न होता दुसऱ्या एखाद्या साधनामार्फत सुरू होत असेल, तर हेच पर्याय 'नोड_ऑप्शन्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घालून ठेवता येतात.

आता माझी चूक सांगतो. ट्रेस येण्याआधी मी घाईघाईनं भावाला 'एनपीएम एलएस पनीकोड' चालवायला सांगितलं होतं. ही आज्ञा एखादं पॅकेज झाडात, म्हणजे कोणी कोणाला आणलं त्या वंशावळीत, कुठे कुठे आहे ते दाखवते. तिनं एक फांदी दाखवली: कोड तपासणाऱ्या एका साधनाच्या खाली, तीन पायऱ्यांवर, पनीकोड. सापडला चोर, म्हणून मी अर्धा तास त्या साधनाच्या आवृत्त्या उलटसुलट केल्या. वॉर्निंग जागची हलली नाही. कारण झाडात दिसत होतं ते एनपीएमवरचं बाहेरचं पनीकोड, म्हणजे नोड जो पर्याय वापरा म्हणतो तोच. आणि खरं गळणारं पॅकेज नोडच्या पोटातलं वापरत होतं, जे एनपीएमच्या झाडात दिसणं शक्यच नव्हतं. झाडात फक्त बाहेरून आणलेल्या वस्तूंची नोंद असते. घरच्या विहिरीच्या पाण्याचं बिल कुठल्या वहीत सापडणार?

त्यात आणखी एक गंमत. दोघांचं नाव एकच असल्यामुळे कोणी साधं 'पनीकोड' मागितलं तर नोड नेहमी पोटातलंच देतो, बाहेरचं बसवलेलं असलं तरी. बाहेरचं हवं असेल तर नावाच्या शेवटी एक तिरकी रेघ द्यावी लागते. एका रेघेवर सगळं अवलंबून.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ट्रेस, मग झाड. ट्रेसमधून 'व्हॉटडब्ल्यूजी-यूआरएल' हे नाव मिळालं, की 'एनपीएम एक्सप्लेन व्हॉटडब्ल्यूजी-यूआरएल' विचारायचं. ही आज्ञा उलट्या दिशेनं चालते. या पाहुण्याला कोणी आणलं, त्याला कोणी, असं आपल्या दारापर्यंत सांगते. शिवाय कोणी कुठल्या आवृत्तीची अट घातली आहे तेही. एनपीएमऐवजी यार्न वापरणाऱ्यांना 'यार्न व्हाय', पीएचपी भाषेत 'कंपोझर व्हाय'.

पीएचपीचं नाव निघालं म्हणून: सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कच्या 'पीएचपीयुनिट ब्रिज' या चाचणी-साधनानं या वॉर्निंगांची केलेली वर्गवारी मला फार आवडते. सेल्फ, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट. स्वतःच्या कोडमध्येच जुनं काही असेल तर सेल्फ. आपण पॅकेजला त्याच्या जुन्या पद्धतीनं हाक मारत असू तर डायरेक्ट. दुरुस्ती आपल्याच हातात. एक पॅकेज दुसऱ्याला जुन्या पद्धतीनं हाक मारत असेल आणि आपण नुसते मध्ये सापडलो असू, तर इनडायरेक्ट. आमची तिसरी होती. निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं.

दुरुस्ती कुठे करायची? पहिला विचार येतो 'एनपीएम अपडेट'. त्यानं काही होत नाही, कारण नोड-फेच २ नं अट घातली आहे की आवृत्ती ५ च्या घरातलीच हवी. अपडेट अटीबाहेर जात नाही. दुसरी वाट, २०२१ च्या डिसेंबरपासून एनपीएममध्ये आलेली 'ओव्हरराइड्स'. आपल्या पॅकेज.जेसनमध्ये (मागवलेल्या पॅकेजांच्या यादीच्या फाइलीत) लिहून द्यायचं की कोणी काहीही अट घालो, व्हॉटडब्ल्यूजी-यूआरएल मात्र १४ च द्या. हे पुष्कळ जण करतात आणि नोड-फेच २ च्या बाबतीत बहुधा चालूनही जातं. पण ५ वरून १४ वर उडी म्हणजे ज्यानं ते पॅकेज लिहिलं त्यानं कधी न तपासलेली जोडी आपण लावतोय, हे ध्यानात ठेवून मेसेज खरंच जातो का ते बघायला हवं. कधी कधी ओव्हरराइड लिहूनही काही बदलत नाही. तेव्हा नोड_मॉड्यूल्स आणि लॉकफाइल (बसवलेल्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) काढून पुन्हा बसवावं लागतं. तिसरी वाट म्हणजे साखळीत आपल्याला सर्वात जवळचं पॅकेज, इथे मेसेज कंपनीचं, नव्या आवृत्तीवर नेणं. त्यांच्या नव्या आवृत्तीत नोड-फेचच नव्हतं. पण फंक्शनची नावं बदललेली, म्हणजे आमचा कोडही बदलावा लागणार.

माझं मत विचाराल तर तिसरी वाट नेहमी पहिली तपासावी आणि ओव्हरराइड म्हणजे कौलाखाली सरकवलेला पत्रा समजावा. एक पावसाळा निघतो.

पण मी भावाला काय सांगितलं? काहीच करू नकोस. हंगामाचे आठ दिवस उरलेत, पेट्या जातायत, नोड २२ मध्ये पनीकोड जागेवर आहे आणि काम करतंय. या आठ दिवसांत मेसेजचा कोड उकरायचा म्हणजे ऐन पावसात कौलं उतरवायची. वस्तू काढली जाईल ती पुढच्या कुठल्या तरी मोठ्या आवृत्तीत, आणि त्या आवृत्तीवर कधी जायचं हे आपण ठरवणार. वॉर्निंग म्हणजे मुदतीची नोटीस. ती मिळाल्या दिवशी घर सोडायचं नसतं.

"मगे ती ओळ तरी घालव," तो म्हणाला. ओळ घालवायचे दोन मार्ग आहेत. '--नो-डेप्रिकेशन' सगळ्याच सूचना बंद करतो, उद्याची नवीनसुद्धा. तो मी कोणालाही सुचवत नाही. '--डिसेबल-वॉर्निंग=डीईपी००४०' एवढीच एक बंद करतो. आम्ही दुसरा वापरला आणि जूनच्या पहिल्या रविवारची आठवण दोघांच्या मोबाइलवर लावली. याच्या उलट '--थ्रो-डेप्रिकेशन' नावाचा पर्याय आहे. त्यात वॉर्निंग आली की प्रोग्राम तिथेच पडतो. चालत्या सर्व्हरवर नको, पण चाचण्या चालवताना फार कामाचा.

भावाचा आणखी एक गोंधळ होता, तो पुष्कळांचा असतो. पॅकेजेस बसवताना एनपीएमही 'वॉर्न डेप्रिकेटेड' अशा ओळी छापतं. त्या वेगळ्या. तिथे पॅकेजच्या कर्त्यानं आपल्या पॅकेजवर किंवा आवृत्तीवर "आता याची देखभाल होणार नाही" अशी चिठ्ठी लावलेली असते. 'रिक्वेस्ट' नावाच्या एके काळच्या फार लोकप्रिय पॅकेजवर २०२० च्या फेब्रुवारीत अशी चिठ्ठी लागली, आणि तरी ते आजही बसतं. बसवताना आलेल्या ओळींचा माग काढायला ट्रेस लागत नाही. नाव तिथेच लिहिलेलं असतं, थेट 'एनपीएम एक्सप्लेन' विचारा.

पायथनवाल्यांची अडचण वेगळीच: त्यांना थेंब दिसतच नाही. २०१० साली आलेल्या २.७ पासून पायथन डेप्रिकेशनवॉर्निंग मुळात लपवून ठेवतो. विचार असा होता की प्रोग्राम वापरणाऱ्या माणसाला त्रास नको. २०१८ च्या ३.७ पासून थोडी सूट मिळाली, आपण थेट चालवतो त्या मुख्य फाइलीतल्या वॉर्निंग दिसायला लागल्या. पॅकेजच्या पोटातल्या मात्र अजूनही गप्प. मग एक दिवस मोठी आवृत्ती येते आणि छप्परच खाली येतं. 'कलेक्शन्स'मधलं 'मॅपिंग' हे त्याचं ठळक उदाहरण. २०१२ च्या ३.३ मध्ये त्याचा पत्ता 'कलेक्शन्स.एबीसी' असा बदलला, जुना पत्ताही चालत राहिला, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात ३.१० आलं तेव्हा जुना पत्ता गेला. ज्यांच्या झाडात एखादं जुनं पॅकेज होतं त्यांचे प्रोग्राम इम्पोर्ट एररनं पडले. नऊ वर्षांची मुदत होती, पण नोटीस बंद पाकिटात.

म्हणून पायथनमध्ये आधी पाकीट फोडायचं. 'पायटेस्ट' चाचण्यांच्या शेवटी या वॉर्निंग आपणहून दाखवतो. किंवा 'पायथन -डब्ल्यू एरर::डेप्रिकेशनवॉर्निंग' असं चालवलं की वॉर्निंगची एरर होते आणि पूर्ण ट्रेसबॅक मिळतो. त्याचा फायदा असा, की पायथनची साधी वॉर्निंग एकाच ओळीकडे बोट दाखवते, आणि ती कुठली हे पॅकेज लिहिणाऱ्यानं 'स्टॅकलेव्हल' किती दिला त्यावर ठरतं. तो आकडा चुकला की बोट भलत्याच वाशाकडे.

जूनचा पहिला रविवार आला. बागेत काम नाही, ऑर्डर नाहीत, बाहेर धो धो. मेसेज कंपनीचं पॅकेज नव्या आवृत्तीवर नेलं, फंक्शनची नावं बदलली, गप्प करणारा पर्याय काढला आणि सर्व्हर चालू केला. तीच ओळ, तोच क्रमांक.

पुन्हा ट्रेस. या वेळी साखळीत मेसेजचं पॅकेज नव्हतं. सर्व्हर.जेएस, मग थेट नोड-फेच, मग व्हॉटडब्ल्यूजी-यूआरएल. म्हणजे नोड-फेच आमच्याही फाइलीत होतं, पिनकोडवरून गाव शोधायच्या कामाला, आणि ते मागवणारी ओळ मीच लिहिलेली. पहिल्या वेळी ती का दिसली नाही? कारण एका प्रोसेसमध्ये नोड ही वॉर्निंग एकदाच देतो. पहिल्या मागवणाऱ्याचं नाव छापलं की पुढचे सगळे त्याच्या आडोशाला सुटतात. म्हणून एक दुरुस्त केलं की पुन्हा चालवून बघावं लागतं. आणि खरं सांगायचं तर 'एनपीएम एक्सप्लेन'नं मे महिन्यातच दोन फांद्या दाखवल्या होत्या. मी वरची वाचून थांबलो.

नोड-फेचची आवृत्ती ३ घेता आली असती, पण ती जुन्या 'रिक्वायर' पद्धतीनं लिहिलेल्या फाइलीत तेव्हा सरळ बसत नव्हती. त्यापेक्षा २०२२ मध्ये नोड १८ पासून 'फेच' अंगभूतच मिळतं, म्हणून मागवणारी ओळच पुसली. यात दोन खाचखळगे आहेत. नोड-फेच २ मध्ये चालणारं 'रिस्पॉन्स.बफर' अंगभूत फेचमध्ये नाही, 'अरेबफर' घ्यावं लागतं. हे निदान एरर देऊन सांगतं. 'टाइमआउट' मात्र दगा देतो. नोड-फेच २ ला तो समजायचा, अंगभूत फेच तो न बोलता दुर्लक्षित करतं, आणि पिनकोडचा सर्व्हर अडकला की आपलीही विनंती लटकते. त्याऐवजी 'अबॉर्टसिग्नल.टाइमआउट' द्यायचा.

एवढं करून भावाला सर्व्हर पुन्हा चालू करायला सांगितलं. फोनवर कौलांवरच्या पावसाचा आवाज, आणि बराच वेळ दुसरं काही नाही.

"काय रे, आली का ओळ?"

"कायच येना नाय, दादा," तो म्हणाला. आणि मग जरा घाबरून, "चालू आसा मा?"